कृत्रिम पायाचे सॉकेट : दोन रेझिनांचे मिश्रण कशासाठी?

कृत्रिम पाय एकदा बसविल्यानंतर त्याच रुग्णासाठी पुन्हा खर्च का करावा लागतो, असा प्रश्न देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक आम्हांस नेहमी विचारतात. त्याचे उत्तर बव्हंशी सॉकेटच्या घडणीत आहे. शस्त्रक्रियेनंतर उरलेला पाय ज्या पोकळ भागात बसतो, त्यास सॉकेट म्हणतात. चालताना शरीराचा भार त्यातूनच पावलाकडे जातो.

आमच्या कार्यशाळेत प्रथम उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा घेतला जातो. त्यावर विणलेल्या कापडाचे व काचतंतूंचे थर चढवून त्यांत द्रवरूप पॉलिएस्टर रेझिन मुरविले जाते. रेझिनात कठिणक मिसळताच त्यातील रेणू परस्परांशी कायमचे जोडले जातात, मिश्रण तापते आणि घट्ट होते. अशा पदार्थास उष्मादृढ म्हणतात. एकदा घट्ट झाल्यावर तो तापवून पुन्हा वितळविता येत नाही.

केवळ कडक रेझिन वापरल्यास सॉकेट ताठ राहते, परंतु ते ठिसूळ असल्याने ठेच लागल्यास वा पडल्यास तडकण्याचा धोका असतो. केवळ लवचीक रेझिन धक्का सोसते, पण भाराखाली वाकते. मग पाय आत हलतो, कातडी घासली जाते व जखम होते. म्हणून दोहोंचे मिश्रण करतात. लवचीक रेझिनाचे प्रमाण वाढविले की चिवटपणा वाढतो, मात्र ताठरपणा व ताकद घटते. हा तोल रुग्णाचे वजन व कामाचे स्वरूप पाहून साधावा लागतो. शेतात राबणारा तरुण आणि घरातल्या घरात वावरणाऱ्या आजी यांची गरज सारखी नसते.

प्रमाणाइतकेच महत्त्व कृतीस आहे. कठिणक कमी पडल्यास रेझिन अर्धवट कच्चे राहते. अधिक झाल्यास ते थरांत नीट मुरण्यापूर्वीच घट्ट होते. थरांत हवेचे बुडबुडे राहिल्यास पुढे तेथूनच तडा जाऊ शकतो.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात सूज उतरते, स्नायू रोडावतात व उरलेला पाय बारीक होतो. सॉकेट मात्र आहे तेवढेच राहते. काही काळ जाड मोजे वा आतील अस्तर यांनी भागते. त्यानंतर नवे सॉकेट घडविण्यावाचून गत्यंतर नसते. वाढत्या वयाच्या मुलांस तर ते वारंवार बदलावे लागते.

नातेवाइकांस आमची विनंती आहे की, सॉकेट सैल झाल्यास, टोचल्यास वा त्यास तडा गेल्यास घरी तापवू अथवा चिकटवू नये; रुग्णास त्वरित आमच्या विभागात आणावे. मधुमेही रुग्णांची संवेदना मंदावलेली असल्याने त्यांची कातडी रोज पाहावी.

देणगीदारांस नम्र निवेदन असे की, आपण दिलेला पाय रुग्णाच्या उपयोगी राहावा यासाठी पुढील सॉकेटचीही तरतूद आवश्यक आहे.