दिवाळीचे पाहुणे, जड पाणी आणि काळी माती

दिवाळीला लेकी-जावई, नातवंडं घरी आली की चार-पाच जणांच्या घरात पंधरा जण होतात. फराळाच्या कढया, अभ्यंगस्नान, कपड्यांचे ढीग, सगळं चार दिवसांत. मग मोरी तुंबते, संडासातलं पाणी उतरत नाही आणि ऐन भाऊबिजेला प्लंबरही मिळत नाही. वाशीम जिल्ह्यात या त्रासाचं मूळ बरंचसं जमिनीत आहे.

हा जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर वसला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून हा खडक घडला. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भूजलात उतरतं, म्हणून बोअरचं पाणी अनेक ठिकाणी जड लागतं. तोच खडक झिजून सोयाबीन आणि कपाशी पोसणारी काळी माती झाली. जड पाणी मोरीला छळतं, काळी माती शोषखड्ड्याला.

आधी मोरी. चकल्या-करंज्या तळताना तेल पुन्हा पुन्हा तापतं आणि त्यातून स्निग्धाम्लं सुटी होतात. कॅल्शियमशी त्यांचा संयोग झाला की पाण्यात न विरघळणारा साबण बनतो. अंगाचा साबण जड पाण्यात फेसाळत नाही, बादलीला पांढरट थर धरतो, तो याच जातीचा. डालडा किंवा तूप थंड पाइपात गोठतं, त्यावर उटण्याचं बेसन बसतं आणि वाट अरुंद होत जाते. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात २०१७ मध्ये असाच गोळा सापडला: लांबी २५० मीटर, वजन सुमारे १३० टन. स्वयंपाकघरातली चरबी आणि फेकलेले वेट वाइप्स यांतून तो साचला होता.

आता सेप्टिक टँक. तिच्यात गाळ तळाशी बसतो, चरबी वर तरंगते आणि प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू घाण कुजवतात. मधलं निवळलेलं पाणी तेवढं शोषखड्ड्यात जातं. निवळायला वेळ लागतो. पाण्याचा मुक्काम साधारण २४ तासांचा धरतात. माणसं तिप्पट झाली की तो आठ तासांवर येतो. न बसलेला गाळ पाण्याबरोबर पुढे जातो आणि मातीची छिद्रं बुजवतो. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. ती भिजली की फुगते आणि पाणी मुरू देत नाही. त्यातच दिवाळी येते पावसाळा संपता संपता, जमीन आधीच ओली असताना. खड्ड्याचं झालेलं नुकसान पाहुणे गेल्यावर कितीतरी दिवसांनी दिसतं, म्हणून त्याचं कारण आपल्या लक्षातच येत नाही.

उपाय सोपे आहेत, पण त्यांतले काही दसरा ते दिवाळी या दिवसांतच व्हायला हवेत. टाकी दोन-तीन वर्षांत उपसली नसेल तर पाहुण्यांआधी उपसा करणारी गाडी बोलवा. आत माणूस उतरवू नका: हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन क्षणात जीव घेतात, आणि संरक्षक साधनांविना असं काम करवून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. वरच्या मजल्यावरची न्हाणी बंद पडून असेल तर तिच्या जाळीत तांब्याभर पाणी ओता. पाइपाच्या वळणात साठलेलं पाणी दुर्गंधी अडवतं, आणि वापर नसला की ते वाळून जातं.

दिवाळीत कढई आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसा, उरलेलं तेल बाटलीत भरा. मोरीला बारीक जाळी लावा. कपडे एकाच दिवशी धुण्याऐवजी दोन-तीन दिवसांत वाटून घ्या आणि ते पाणी टाकीत न सोडता झाडांना द्या. संडासात झाकणाची कचरापेटी ठेवा, आणि डायपर, पॅड तिच्यातच टाकायला लहानमोठ्यांना आल्याआल्याच सांगा. तुंबलं तर ॲसिड ओतू नका. त्याने टाकीतले जिवाणू मरतात, आणि ब्लीचिंग पावडरशी ते मिसळलं तर विषारी क्लोरीन सुटतो.

दिवाळीआधी आपण माळ्यापासून अंगणापर्यंत सगळं घर झाडून काढतो. त्या यादीत टाकी आणि मोरीही हवी. पाण्याला निवळायला वेळ आणि मातीला श्वास घ्यायला उसंत दिली, तर पंधरा काय, वीस पाहुण्यांचाही सण निर्धास्त पार पडेल.