महाकाव्यातले मोठे मृत्यू

महाभारतातल्या युद्धपर्वांना भीष्म, द्रोण, कर्ण आणि शल्य या सेनापतींची नावे आहेत, आणि चौघेही आपापल्या पर्वात पडतात. संजय रणातून धृतराष्ट्राकडे येतो तो सेनापती पडल्याची बातमी घेऊनच. लढाईची हकीकत त्यानंतर. भगवद्गीता धृतराष्ट्राच्या कानी पडते तेव्हा भीष्म शरपंजरी असल्याचे त्याला कळून चुकलेले असते. मोठे पात्र मारण्याची व्यासांची रीत ही अशी आहे. मृत्यू आधी सांगायचा आणि मग श्रोत्याला त्याच्यापर्यंत पायी चालत न्यायचे.

जॉर्ज मार्टिन यांच्या 1996 सालच्या कादंबरीत नेड स्टार्कचे मुंडके उडाले आणि नायक मारण्याचे धाडस साहित्यात प्रथमच झाले, असे हल्ली काही समीक्षक लिहितात. हा दावा टिकत नाही. अठरा दिवसांच्या युद्धानंतर पांडवांकडे सात आणि कौरवांकडे तीन वीर उरतात. पुढे मौसलपर्वात कृष्ण जरा नावाच्या व्याधाच्या बाणाने जातो आणि महाप्रस्थानात द्रौपदीपासून भीमापर्यंत एकेक जण वाटेतच कोसळतो. मार्टिन यांचे कसब वाचकाला गाफील पकडण्यात आहे. टोल्किन यांनी मोरियाच्या दरीत पडलेला गँडाल्फ पुढच्याच खंडात परत आणला; गेलेला माणूस परत येऊ शकतो हे एकदा कळले की पुढच्या मृत्यूंचा भार हलका होतो. व्यासांचा अभिमन्यू परत येत नाही.

अभिमन्यूचा वध हा या कलेचा कळस आहे. चंद्राने आपला पुत्र वर्चस अभिमन्यूच्या रूपाने पृथ्वीवर धाडताना तो सोळाच वर्षे राहील अशी अट घातली होती, हे आदिपर्वातच येऊन गेलेले असते. तेराव्या दिवशी अर्जुनाशी लढण्याची शपथ घेतलेले संशप्तक त्याला दूर ओढून नेतात. चक्रव्यूहात शिरता येते, बाहेर पडता येत नाही, हे अभिमन्यू स्वतः युधिष्ठिराला सांगतो. मागून येणाऱ्या पांडवांना जयद्रथ अडवतो. धनुष्य तुटते, रथ मोडतो, तो चाक उचलून लढतो आणि शेवटी दुःशासनाच्या मुलाच्या गदेखाली संपतो. पण खरी लेखणी दिसते ती संध्याकाळी. छावणीत परतणाऱ्या अर्जुनाला आज मंगल वाद्ये ऐकू येत नाहीत, ओळखीचे योद्धे मान खाली घालून बाजूला होतात आणि रोज हसत सामोरा येणारा मुलगा दिसत नाही. श्रोत्याला सारे ठाऊक आहे, बापाला नाही. धक्क्याने हे साधत नाही.

मराठीत हा वारसा ओवीतून आला. मुक्तेश्वराची उपलब्ध पाच पर्वे आदि, सभा, वन, विराट आणि सौप्तिक, म्हणजे मुख्य युद्ध त्यांत नाहीच. मोरोपंतांचे आर्याभारत पंडितांचे. घराघरांत पोचला तो श्रीधराचा 1712 सालचा पांडवप्रताप. त्याचे चौसष्ट अध्याय चातुर्मासात लावून वाचले जात. वध कितीही हृदयद्रावक असो, अध्याय संपताना श्रीधर ब्रह्मानंदाला आणि पंढरीनाथाला शरण जातो, मग पोथी बांधली जाते. रडलेल्या श्रोत्याला सावरण्याची ही सोय नव्या कादंबऱ्यांत नाही.

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याच्या एका अंगाला गोंदिया-भंडाऱ्याची ही पोथी आहे, तर दुसऱ्या अंगाला महाभारतकथा गाणारी छत्तीसगडची पंडवानी. 2019 साली पद्मविभूषण मिळालेल्या तीजनबाई दुःशासनवध गात तेव्हा हातातला तंबुराच भीमाची गदा होई. साथीदार रागी मध्ये मध्ये हुंकार देत प्रश्न विचारतो, म्हणजे श्रोत्यांच्या मनातली उत्सुकता तोच बोलून दाखवतो. दुःशासन मरणार हे बसलेल्या प्रत्येकाला माहीत असते. तरीही तंबुरा उंचावला की श्वास अडकतो.

गद्यात 1861 ची 'मुक्तामाला' आणि तिच्यामागून आलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी नायक-नायिकेवर संकटांचा मारा केला, पण त्यांना सुखरूप घरी पोचवले. त्यांत रमण्यासारखे फार नाही. महाभारतातले मोठे मरण गद्यात ठळकपणे लिहिले गेले ते 1967 साली. त्या वर्षी दोन पुस्तके आली. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये चमत्कार बाजूला सारून ही माणसे कशी संपली ते तपासले. 1966 साली पूर्ण झालेली भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती हा त्या काळातला मोठा आधार होता. शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'मध्ये कर्णाला स्वतःची कहाणी सांगू दिली, मात्र शेवट कृष्णाच्या तोंडी ठेवला. मरणाऱ्याने स्वतःचे मरण सांगू नये, ही जाण त्यामागे आहे.

आजच्या मालिकांत हे भान सुटले आहे. पात्र मारायचे आणि लोकांचा कल पाहून नव्या चेहऱ्याने परत आणायचे, ही सवय झाली आहे. तिकडे सीमेवरच्या गावांत पोथी लावणारे हात कमी होत आहेत. हिंदीतून शिकलेल्या पिढीला देवनागरी ओवी वाचता येते, पण तिची चाल ठाऊक नसते. वारासिवनी, लांजी, कटंगी भागांतल्या ज्या घरांत पांडवप्रताप अजून लावला जातो, त्यांनी येत्या चातुर्मासात अभिमन्यूचा अध्याय तरी थोरांच्या आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावा.