धुऱ्यावरची गोगलगाय कोणती?

मृगाचा पाऊस झाला, सोयाबीन दोन पानांवर आलं, की एका रात्रीत तासच्या तास नाहीसे होतात. सकाळी मातीवर वाळलेल्या चिकट रेघा तेवढ्या चमकत असतात. २०२२च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन असं फस्त केलं, की अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. शासनाला त्या नुकसानीपोटी ९८ कोटी रुपयांहून अधिक मदत जाहीर करावी लागली. गोगलगाय हा तोवर कुणी धसका घ्यावा असा जीव नव्हता. आता नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूर परिसरातही पहिल्या पावसानंतर शेतकरी बॅटरी घेऊन धुऱ्यावर फिरतो. इसापूर धरणाच्या कालव्यावर वाढलेल्या केळीच्या बागा, त्यांची गर्द सावली, बुडाशी कुजणारी पानं आणि कायमचा ओलावा हे सगळं या प्राण्याला मानवणारं आहे.

ही शंखी गोगलगाय आपल्या मातीतली नाही. मूळची ती पूर्व आफ्रिकेची. विल्यम बेन्सन नावाच्या शंखसंग्राहकाने १८४७ मध्ये मॉरिशसहून दोन जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या. पुढे त्या चौरंगीतल्या एका बागेत सोडल्या गेल्या. प्रत्येक गोगलगायीत नर आणि मादी दोन्ही अवयव असतात, आणि ती एका खेपेला शंभराहून अधिक अंडी भुसभुशीत मातीत घालते. ऊन वाढलं की शंखाचं तोंड पापुद्र्याने बंद करून ती महिनोन्महिने पडून राहते. मग पाऊस येतो आणि सगळ्या एकदम बाहेर पडतात. कोवळं पीक नेमकं त्याच वेळी उगवलेलं असतं.

हीच गोगलगाय प्रशांत महासागरातल्या बेटांवरही पोहोचली. तिथे तिच्यावर जो उपाय केला गेला, तो मराठवाड्यात प्रत्येक कृषी सहायकाला ठाऊक असायला हवा असं मला मनापासून वाटतं. ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावर १९७७ मध्ये फ्लोरिडाकडची एक मांसाहारी गोगलगाय मुद्दाम सोडण्यात आली. दुसऱ्या गोगलगायींच्या चिकट रेघेचा माग काढत जाऊन ती त्यांना खाते. आफ्रिकेची गोगलगाय ती संपवील, अशी अपेक्षा होती. पण पूर्ण वाढलेला तो शंख तिच्यासाठी फार मोठा होता. तिला सोपी शिकार सापडली ती झाडांवर राहणाऱ्या पार्टुला या स्थानिक गोगलगायींची. जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या या गोगलगायी शेवाळ आणि कुजकी पानं खातात. पिकाशी त्यांचा काही संबंध नाही. त्या अंडी घालत नाहीत, काही आठवड्यांच्या अंतराने एकेका जिवंत पिल्लाला जन्म देतात. इतक्या संथ वंशवाढीला ती शिकार झेपणारी नव्हती. १९८७पर्यंत मोरेआवरच्या सातही पार्टुला जाती तिथल्या रानातून नाहीशा झाल्या. आफ्रिकेची गोगलगाय मात्र टिकून राहिली.

पार्टुला अगदीच संपल्या नाहीत, कारण ब्रायन क्लार्क आणि जेम्स मरे हे संशोधक आनुवंशिकीच्या अभ्यासासाठी अनेक वर्षं या बेटांवर जात होते. ऱ्हास लक्षात आल्यावर जिवंत गोगलगायी गोळा करून प्रयोगशाळांत आणि प्राणिसंग्रहालयांत वाढवल्या गेल्या. छोट्या प्लास्टिकच्या डब्यांत, ओलाव्याचं आणि तापमानाचं गणित सांभाळत, पिढ्यानपिढ्या. सगळ्यांना वाचवता आलं नाही. पार्टुला टर्जिडा या जातीची शेवटची गोगलगाय १९९६ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेली. २०१५पासून काही जाती पुन्हा बेटांवर सोडायला सुरुवात झाली. सोडण्याआधी प्रत्येक शंखावर रंगाचा ठिपका देतात. अतिनील प्रकाशाची बॅटरी मारली की तो रात्री चमकतो आणि मोजणी करता येते. क्षेत्रपाहणी करणाऱ्यांचा खरा आनंद मात्र ठिपका नसलेली गोगलगाय सापडण्यात आहे. तिच्यावर ठिपका नाही, याचा अर्थ ती रानातच जन्मली. २०२४ मध्ये मोरेआवर पार्टुला तोहिवेआना या जातीच्या अशा प्रौढ गोगलगायी सापडल्या, आणि तीस-चाळीस वर्षांच्या चिकाटीला फळ आलं.

आपल्याकडे बेटं नाहीत, असं म्हणायची घाई करू नये. गोगलगायीला कोरडी नांगरट ओलांडता येत नाही. काळ्या रानाच्या मधोमध उरलेली देवराई, नाल्याकाठची झाडी, गावाबाहेरची दगडाळ टेकडी ही तिच्यासाठी बेटंच. पश्चिम घाटात जमिनीवरच्या गोगलगायींच्या सुमारे २७० जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश इतरत्र कुठेही नाहीत. आंबोलीचंच पाहा. पावसाळ्यात हजारो पर्यटक जातात ते हे ठिकाण. तिथून अमृत भोसले, तेजस ठाकरे आणि वेल्सचे बेन रौसन यांनी २०२१ मध्ये गोगलगायीची नवी जातच नव्हे, अख्खी नवी प्रजाती (जीनस) जगापुढे आणली: वरदिया आंबोलिएन्सिस. सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक डॉ. वरद गिरी यांच्यावरून या प्रजातीला नाव मिळालं. हिचा शंख इतका आखूड, की तिला अंग त्यात ओढून घेता येत नाही. असा जीव नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. शरीराच्या आतली रचना, विशेषतः जननेंद्रियं, भिंगाखाली तपासावी लागतात.

मराठवाड्याकडे मात्र अभ्यासकांची पावलं क्वचितच वळतात. त्यांचा ओढा साहजिकच सह्याद्रीकडे. पण दख्खनच्या कोरड्या, चुनखडीच्या जमिनीतही झूटेकससारख्या तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या, लांबट शंखांच्या गोगलगायी असतात. ओढ्या-कालव्यांत, तळ्यांत गोड्या पाण्यातल्या वेगळ्याच. जमिनीवरच्या बहुतेक गोगलगायी पाचोळा कुजवून मातीत मिसळतात, आणि त्यांच्या शंखातला चुना शेवटी मातीतच जातो. पाहणीला खर्चही फारसा येत नाही. मीटरभर लांब-रुंद चौकोनातला पाचोळा उचलायचा, चाळायचा, फडक्याच्या पिशवीत वाळवायचा आणि भिंगाखाली शंख वेचायचे. पावसाच्या रात्री बॅटरी घेऊन झाडांची खोडं आणि दगडांच्या फटी पाहायच्या. रिकामा शंखही पुरावा असतो, म्हणून तो टाकायचा नाही.

शेतकऱ्याने पीक वाचवायलाच हवं, त्यात दुमत नाही. शंखी गोगलगाय ओळखू येते: हाताच्या बोटाएवढा किंवा त्याहून लांब, टोकदार, तपकिरी पट्ट्यांचा शंख. चपट्या, बटणासारख्या शंखाच्या गोगलगायी निराळ्या. त्यांतल्याही काही भाजीपाल्याला त्रास देतात, हे मान्य. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं बारदान धुऱ्यावर अंथरायचं, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाकायच्या. या पद्धतीत कोणती मारायची हे आपल्या हातात राहतं. मेटाल्डिहाइड या गोगलगायनाशकाच्या गोळ्यांना ती निवड नसते. एकरी दोन किलोची शिफारस आहे ती शेतासाठी. देवराईच्या कडेला, ओढ्याच्या काठी त्या पडता कामा नयेत. कुत्र्यांनाही त्या घातक असतात.

२००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही ठेवली जायला हवी. तीत गोगलगायींचं एक पान असावं: फोटो, जागा, तारीख, शंखाची लांबी. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात आणि तालुक्याच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आहेत. किनवट-माहूरच्या जंगलात आणि अर्धापूरच्या केळीत एकाच पावसाळ्यात, एकाच पद्धतीने पाचोळा चाळला, तर परकी गोगलगाय कुठवर पोहोचली आणि तिच्याआधीची कोणकोण अजून शिल्लक आहेत, हे दोन्ही त्या एकाच चाळणीत कळेल.