'इथे बघा' म्हणजे कुठे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चित्राविषयी आकाशवाणीवरून बोलणे ही तशी गमतीचीच गोष्ट. ऐकणाऱ्यासमोर चित्र नसते आणि बोलणाऱ्याच्या हातात छडी नसते. तरीही आजचा विषय चित्राचाच आहे. संगणकावर किंवा मोबाईलवर जो पाठ दाखवला जातो, ज्याला आपण ई-लर्निंग म्हणतो, त्यातल्या स्लाईडवर पुष्कळदा एखादे मोठे चित्र असते, नकाशा असतो, नाहीतर शरीराची आकृती असते. त्यातला आपल्याला हवा तेवढाच भाग विद्यार्थ्याच्या नजरेत कसा आणायचा, एवढाच हा विषय आहे.

मी कवी माणूस. शिक्षण बी. ए. पर्यंतचे. संगणकाचा जाणकार म्हणून मी बोलत नाही. पण उदगीर आणि आसपासच्या गावांतले काही शिक्षक आपल्या पाठांची भाषा तपासून घ्यायला माझ्याकडे येतात. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हापासून हे येणे वाढले. पाठ ऐकता ऐकता एक वाक्य वारंवार कानावर येऊ लागले. 'मुलांनो, आता इथे बघा.' वर्गात हे वाक्य पुरेसे असते. गुरुजींचे बोट किंवा छडी नकाशावर टेकलेली असते, आणि 'इथे' या शब्दाला सगळा अर्थ त्या बोटामुळे येतो. मोबाईलवरच्या पाठात आवाज येतो, बोट मात्र वर्गातच राहते. मग चार इंचांच्या पडद्यावर मूल शोधत बसते की 'इथे' म्हणजे नेमके कुठे. ते सापडेपर्यंत गुरुजी पुढच्या मुद्द्यावर पोहोचलेले असतात.

असे पाठ आता थोडेथोडके नाहीत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाच्या पानाला क्यूआर कोड जोडून पाठ मोबाईलवर आणले, आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ हा जागतिक पुरस्कार मिळाला. केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. पाठ घरात पोहोचला, ही मोठी गोष्ट झाली. पण त्याबरोबर गुरुजींचे बोटही घरात पोहोचले पाहिजे.

आपला डोळा एका वेळी फार थोडे स्पष्ट पाहतो. हात लांब करून अंगठा धरा. त्या अंगठ्याच्या नखाएवढाच भाग आपल्याला अगदी नीट दिसतो, बाकीचे अंधुक असते. डोळा सेकंदाला साधारण तीन वेळा उड्या मारून चित्र गोळा करतो आणि आपल्याला वाटते की सगळे एकदम दिसले. जे चित्र माहितीचे आहे त्यात उड्या कुठे मारायच्या हे डोळ्याला ठाऊक असते. नवख्या मुलाला ते ठाऊक नसते. ते सर्वांत भडक रंगाकडे किंवा सर्वांत मोठ्या अक्षरांकडे पाहते, आणि महत्त्वाची गोष्ट भडक असेलच असे नाही.

स्मरणशक्तीचेही तसेच आहे. नवीन गोष्ट समजून घेताना मनाच्या हाताशी जागा फार थोडी असते. जॉन स्वेलर या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९८८ मध्ये हा विचार मांडला. शोधण्यातच जर ती जागा खर्ची पडली, तर समजून घ्यायला काय उरणार? अमेरिकेतील रिचर्ड मेयर यांनी पुढे चित्र आणि आवाज एकत्र असलेल्या पाठांवर अनेक प्रयोग केले. महत्त्वाच्या जागेची खूण करून दिली की शिकणे सोपे जाते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आपल्याकडे ही समज जुनीच आहे. हस्तलिखित पोथ्यांमध्ये लेखनिक महत्त्वाच्या शब्दांवर आणि श्लोकांच्या अंकांवर गेरू किंवा हिंगुळाचा लाल हात फिरवीत. चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फासत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला. आमच्या घरात दखनी बोलली जाते. उर्दू वर्तमानपत्राच्या मथळ्याला 'सुर्खी' म्हणतात. सुर्ख म्हणजे लाल. फारसी पोथ्यांत मथळे लाल शाईने लिहीत, म्हणून मथळ्याचे नावच सुर्खी पडले. दोन लिप्या, दोन दिशांनी लिहिल्या जाणाऱ्या, पण वाचणाऱ्याची नजर अडवायला दोघींनी एकच रंग निवडला.

चित्रांचेही पाहा. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या पिंगुळी गावचे ठाकर समाजातले चित्रकथी कलावंत रामायण-महाभारताची कथा गाताना पोथीतले एक एक चित्र समोर धरतात. सगळी चित्रे एकदम मांडत नाहीत. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. कल्याणच्या महादेव पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ सुरू केले. काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडायची आणि सोबत कथन करायचे. आजची स्लाईड ही त्या काचेचीच नात म्हणायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. उदाहरण आपल्याच भागातले घेऊ या. समजा, मांजरा नदीचा नकाशा स्लाईडवर आहे. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात ही नदी उगम पावते. पुढे धनेगावला तिच्यावर धरण आहे. मग ती लातूर आणि बिदरकडून तेलंगणात जाऊन गोदावरीला मिळते. आपल्याला धनेगावचे धरण दाखवायचे आहे.

पहिली रीत दोन प्रतींची. पॉवरपॉइंटमध्ये नकाशा घ्यावा आणि 'डुप्लिकेट' करून त्याची दुसरी प्रत काढावी. ही प्रत जरा खाली सरकून पडते, ती मूळ नकाशावर तंतोतंत बसवावी. मग खालच्या नकाशाचा 'ब्राइटनेस' कमी करावा किंवा रंग काढून तो करडा करावा. वरची प्रत 'क्रॉप' करून फक्त धरणाचा भाग ठेवावा. कापल्यावर तो तुकडा आपल्या जागेवरच राहतो. परिणाम असा की सारा नकाशा मंद आणि धरणाचा परिसर मूळ रंगात.

दुसरी रीत झाकणाची. पूर्ण नकाशावर एक काळा चौकोन काढावा, त्यावर धरणाच्या जागी एक वर्तुळ काढावे. आधी चौकोन आणि मग वर्तुळ निवडून 'मर्ज शेप्स' मधले 'सबट्रॅक्ट' वापरावे. चौकोनाला वर्तुळाएवढे भोक पडते. आता चौकोन अर्धवट पारदर्शक केला की झाले. खिडकीतून ऊन पडावे तसा तेवढाच भाग उजळतो.

तिसरी रीत सर्वांत साधी. जाड रेषेचे वर्तुळ किंवा बाण काढायचा. घाईच्या वेळी तेही पुरते. जिथे तपशील बारीक आहे, उदाहरणार्थ पानाच्या पेशीची आकृती, तिथे तो भाग मोठा करून बाजूला चौकटीत दाखवावा आणि मूळ जागेशी रेषेने जोडावा. तो तुकडा कुठून आला हे कळले पाहिजे.

काही पथ्ये मात्र पाळावी लागतात. बाकीचे चित्र मंद करावे, मिटवू नये. आजूबाजूची नावे फिकट का होईना वाचता आली पाहिजेत, नाहीतर धरण अंधारात तरंगू लागते. नुसत्या रंगावर भिस्त ठेवू नये. काहींना, विशेषतः काही पुरुषांना, लाल आणि हिरवा यांतला फरक नीट दिसत नाही. हिरव्या नकाशावरची लाल रेषा त्यांच्या दृष्टीने नसल्यासारखीच. म्हणून उजेड-अंधाराचा फरक किंवा जाड कडा सोबत असावी. धरणाचे नाव उच्चारले जाईल त्याच क्षणी धरण उजळावे. आणि आणखी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे पुष्कळ शिक्षक स्लाईडची पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर पाठवतात. पीडीएफमध्ये ॲनिमेशन राहत नाही, आणि एकामागून एक यायचे ते सगळे तुकडे एकावर एक चिकटून दिसतात. त्यापेक्षा प्रत्येक टप्प्याची वेगळी स्लाईड करावी. पाने वाढतील, पण गोंधळ होणार नाही.

एका वेळी एकच भाग उजळावा, हे तर सांगायलाच नको. तरी सांगतो, कारण आमचा जिल्हा 'लातूर पॅटर्न'चा. परीक्षेच्या तयारीत इथल्या मुलांची पुस्तके पाहिली तर कधी कधी अख्खे पान पिवळे झालेले असते. सगळेच महत्त्वाचे ठरले की पान पुन्हा पहिल्यासारखेच होते, फक्त रंग बदलतो. जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींची छाननी केली. त्यात विद्यार्थ्यांनी स्वतः ओळी रंगवत जाण्याची पद्धत कमी उपयोगाची ठरली. स्वतःला प्रश्न विचारून आठवण्याची पद्धत मात्र वरच्या क्रमांकात आली.

या निष्कर्षात शिक्षकांसाठीही एक सूचना दडलेली आहे. आपण उजळून दाखवले म्हणजे मूल शिकले असे नव्हे. उजेड पाडल्यावर तो काढूनही घ्यावा लागतो. म्हणून शेवटची स्लाईड कोणतीही खूण नसलेल्या, पूर्ण नकाशाची असावी आणि तिथे प्रश्न असावा: धनेगाव कुठे आहे? नदी कोणत्या बाजूने येते? मुलाने स्वतःचे बोट पडद्यावर ठेवावे. गुरुजींचे बोट मुलाच्या हाताला लागले, तरच पाठ पूर्ण झाला.

पूर्ण चित्र परत देण्याचे दुसरेही कारण आहे, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. आपण एक भाग उजळतो तेव्हा बाकीचे अंधारात ढकलतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण कुणी विसरलेलो नाही. त्या दुष्काळाचा पाठ करताना कोरडे धरण तेवढे उजळून दाखवले आणि तिथेच थांबलो, तर मुलाला वाटेल की पाणी धरणातच तयार होते. वरचे पाणलोट क्षेत्र, त्यातला पाऊस, वाटेतल्या विहिरी आणि बोअर, खालचा ऊस, शहराची नळयोजना, हे सगळे त्याच नकाशात होते. ते दिसलेच नाही, तर पाण्याचा हिशेब त्याला कधीच जुळणार नाही. म्हणून धरणानंतर पाणलोट उजळा, मग शेत उजळा, मग शहर उजळा, आणि मग सगळा नकाशा पुन्हा मोकळा करा.

आमच्या उदगीरच्या किल्ल्याचे चित्र घ्या. इतिहासाच्या पाठात १७६० च्या लढाईची जागा उजळते. सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला इथे हरवले, ते दाखवलेच पाहिजे. पण त्याच किल्ल्यात उदागीरबाबांची समाधी आहे, ज्यांच्या नावाशी गावाचे नाव जोडले जाते. त्याच किल्ल्यात फारसी आणि अरबी शिलालेख आहेत. तट, खंदक, बुरूज बांधणारे पाथरवट आणि बेलदार यांची हातखूण तर दगडादगडावर आहे. दरवर्षी, प्रत्येक पाठात, एकच कोपरा उजळत राहिला तर मूल मोठे होऊन म्हणेल, किल्ल्यात एवढेच होते. त्याची नजर तशी आपणच घडवलेली असेल. उद्या त्याच्या शेजारच्या बाकावरच्या मुलाने आपल्या आजोबांनी वाचून दाखवलेल्या एखाद्या शिलालेखाची गोष्ट सांगितली, तर ती त्याला परक्या गावची वाटेल.

कविता लिहिताना हा प्रश्न मला रोज पडतो. एका शब्दावर जोर दिला की शेजारचे शब्द मागे सरतात. तो जोर द्यावाच लागतो, नाहीतर कविता होत नाही. पण मागे सरलेले शब्द मेलेले नसावेत, वाचणाऱ्याने परत वळून पाहिले तर ते तिथेच उभे असले पाहिजेत.

शिक्षकांना एक सोपी कसोटी सुचवतो. पाठ तयार झाला की स्लाईड बंद करा आणि नुसता आवाज ऐका. 'इथे बघा' ऐवजी 'नकाशाच्या डावीकडे, वरच्या कोपऱ्यात डोंगर आहेत, तिथून नदी निघते' असे बोललेले आहे का? हे बोलणे आकाशवाणीवर चालेल इतके स्पष्ट असेल, तर ज्या मुलाला डोळ्यांनी दिसत नाही तेही पाठासोबत चालेल. ज्याच्या मोबाईलचा पडदा तडकलेला आहे, तेही चालेल. शिवाय आपल्याला नेमके काय दाखवायचे आहे, हे बोलताना आपले आपल्यालाच कळते. जागा शब्दांत सांगता आली की ती उजळायला दोन मिनिटे पुरतात.