वेठबिगारीची भरपाई आणि कॉलेजची फी : न्याय्य काय?



निकाल लागले की आपल्या वसई-विरारमध्ये महाडीबीटीचे फॉर्म भरायला सायबर कॅफेत गर्दी होते. तिथे माझा एक जुना विद्यार्थी भेटला. वडील रिक्षा चालवतात. म्हणाला, "बाई, माझी अर्धीच फी माफ होणार, माझ्या वर्गातल्या वारली मुलीची पूर्ण. माझ्या आजोबांनी कुणाला राबवून घेतलं होतं का?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून हा पाठ.

लग्नगडी म्हणजे काय?
आपल्या भागात आदिवासी तरुण लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचा आणि ते फेडायला नवरा-बायको दोघं त्याच्याकडे राबायची. त्यालाच लग्नगडी म्हणत. हिशोब सावकाराच्या वहीत, त्यामुळे कर्ज फिटतच नसे. १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली याविरुद्ध उठले. तरीही ही पद्धत पुरती संपली नाही. १९८२ साली वसई तालुक्यात श्रमजीवी संघटना उभी राहिली, ती वेठबिगारांच्या मुक्तीसाठीच.

कायद्याने काय दिलं?
संविधानाच्या कलम २३ ने १९५० सालीच वेठबिगारीवर बंदी घातली. पण ती मोडून काढणारा कायदा आला १९७६ मध्ये. त्याने कर्ज रद्द केलं, माणूस मोकळा केला. पुनर्वसनासाठी सरकारी मदतही ठेवली. मात्र फुकट राबलेल्या वर्षांची मजुरी परत मिळाली नाही. त्या वर्षांत मुलांची जी शाळा बुडाली, तीही नाही.

जगात काय झालं?
ब्रिटनने १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करताना २ कोटी पौंड भरपाई दिली, पण गुलामांना नाही, मालकांना! अमेरिकेतल्या जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या जेझुइट चालकांनी १८३८ मध्ये २७२ गुलाम विकले होते. त्यांच्या वंशजांना प्रवेशात प्राधान्य देण्याचं विद्यापीठाने २०१६ मध्ये जाहीर केलं.

शिष्यवृत्ती ही भरपाई आहे का?
इथेच आपली गल्लत होते. खाती दोन आहेत.

१) मदत : ती आजची गरज बघते. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला ८ लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. अनुसूचित जमातीच्या मुलांना निर्वाह भत्त्यासह मिळणाऱ्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीलाही २.५ लाखांची मर्यादा आहे.

२) भरपाई : ती कालचं देणं बघते. कुणाचं काय बुडालं आणि ते कुणी द्यायचं, हा तिचा प्रश्न.

त्या मुलीची शिष्यवृत्ती दोन्ही खात्यांच्या मध्ये उभी आहे. जमात बघितली जाते, कारण अन्याय जमातीवर झाला. उत्पन्नही बघितलं जातं, कारण ती मदत आहे. पण आजी-आजोबांच्या मजुरीचा हिशोब त्यात कुठेच नाही.

मग हे देणं कुणाचं?
रिक्षावाल्याच्या मुलाचं नक्कीच नाही. पण १९५० ची बंदी अमलात आणायला २५ हून अधिक वर्षं लागली, हा दोष सरकारचा. म्हणून देणंही सरकारचंच, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या तिजोरीचं. त्या तिजोरीत माझाही कर जातो आणि त्या मुलीच्या आईने घेतलेल्या साबणावरचाही.

आणि त्या मुलाची तक्रार? ती खोटी नाही. अर्धी फीसुद्धा त्याच्या घराला जड आहे. पण ही तक्रार त्याला मिळणारी मदत अपुरी असल्याची आहे. मुलीचं खातं कमी केल्याने त्याचं भरणार नाही. पुढच्या वेळी भेटला की हेच सांगणार आहे, आणि त्याचा फॉर्मही सोबत बसून तपासणार आहे.

वर्गात चर्चेसाठी :
१. शिष्यवृत्ती फक्त उत्पन्नावर दिली तर कोण सुटेल? फक्त जातीवर दिली तर कोण?
२. पैशांऐवजी भरपाई कोणत्या रूपात देता येईल? जमीन, वसतिगृह, शाळा?
३. तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा : गावात लग्नगडी पाहिल्याचं आठवतं का?