टोळाच्या रक्तातला लगाम

सायखेड्यातल्या माझ्या मेडिकलमध्ये कांदा काढणी सुरू झाली की सुजेच्या गोळ्यांचा खप वाढतो. दिवसभर वाकून गुडघे-मनगटं सुजलेल्या बाया संध्याकाळी येतात. "ताई, ती सुजेची गोळी द्या," एवढंच म्हणतात. दाढ काढली किंवा पाय मुरगळला, तर चिठ्ठीवर बऱ्याचदा सेराशिओपेप्टिडेज असतं. रेशीमकिड्याच्या आतड्यात सापडलेल्या एका जिवाणूपासून मिळवलेलं हे विकर, म्हणजे एन्झाइम. ते मुळात बाजारात आणणाऱ्या जपानच्या टाकेडा कंपनीने २०११ मध्ये तिथे मागे घेतलं, कारण नव्या चाचणीत ते औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. आपल्याकडे ते अजूनही विकलं जातं. विकणारीनेच हे सांगायला हवं, असं मला वाटतं.

मला जास्त आशा वाटते ती याच्या उलट वाटेवर. बाहेरून विकर द्यायचं नाही, तर शरीरात मोकाट सुटलेलं विकर अडवायचं.

जंतू शिरले की आपल्या रक्तातली 'कॉम्प्लिमेंट' नावाची प्रथिनं कामाला लागतात. त्यातली काही विकरं कात्रीसारखी असतात. पहिली दुसरीला कापून जागं करते, दुसरी तिसरीला, आणि बघता बघता जंतूंवर हल्ला होतो. हीच साखळी नको तिथे पेटली, तर आपल्याच पेशी होरपळतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अडलेला रक्तपुरवठा पुन्हा सुरू होताना होणाऱ्या इजेत आणि मूत्रपिंडाच्या काही आजारांत या साखळीचा हात असल्याचं दिसलं आहे.

कीटकांच्या अंगातही अशा साखळ्या असतात, आणि त्यांना आवरणारे छोटे रेणूही. वाळवंटी टोळ आठवतो? मे २०२० मध्ये त्याच्या झुंडी अमरावती, वर्धा, नागपूरकडे उतरल्या होत्या. नाशिकला आपण वाचलो, तरी द्राक्षबागायतदारांच्या पोटात गोळा आलाच होता. त्याच टोळाच्या रक्तात प्रथिनं कापणाऱ्या विकरांच्या तोंडात बसून त्यांना बंद पाडणारे रेणू सापडले. असा एक रेणू म्हणजे साधारण ३५ अमिनो आम्लांची साखळी. इन्शुलिनमध्ये ५१ असतात. टोळाची ही साखळी तीन गंधकी बंधांनी घट्ट बांधलेली असते.

बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांद विद्यापीठातले गाबोर पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातला एक रेणू साचा म्हणून घेतला. विकराला भिडणारा त्याचा भाग बदलून असंख्य नमुने तयार केले आणि त्यांतून नेमके हवे ते निवडले. त्यासाठी वापरलेल्या 'फाज डिस्प्ले' पद्धतीला २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. हाती आले दोन रोधक: एक फक्त मास्प-१ ला अडवणारा, दुसरा फक्त मास्प-२ ला. कॉम्प्लिमेंट सुरू होण्याच्या तीन वाटांपैकी 'लेक्टिन' वाटेवरची ही दोन विकरं. मास्प-१ ला तोवर दुय्यम समजत. २०१२ मध्ये या रोधकांनी दाखवलं की ते थांबलं तर ही सगळी वाटच बंद होते. बाकीच्या दोन वाटा मात्र चालू राहतात. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण सगळी प्रतिकारशक्ती दाबून टाकणाऱ्या स्टेरॉइडचे परिणाम मी गिऱ्हाइकांच्या सुजलेल्या चेहऱ्यांवर पाहते.

प्राण्याच्या रेणूवरून औषध घडवणं नवं नाही. ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषावरून रक्तदाबाचं कॅप्टोप्रिल तयार झालं. तेही विकर अडवूनच काम करतं. टोळाच्या रेणूपुढच्या अडचणी मात्र खऱ्या आहेत. इतकी लहान प्रथिनं मूत्रपिंडातून लवकर बाहेर पडतात आणि गोळी करून गिळली तर पोटातच पचतात. म्हणजे इंजेक्शनच द्यावं लागणार, आणि तेही रक्तात टिकेल असं घडवून. त्यानंतर माणसांवरच्या चाचण्या.

तोवर, सकाळी उठल्यावर बोटं तासभर आखडतात असं कोणी बाई सांगते, तेव्हा मी नुसती गोळी देत नाही. संधिवाताची तपासणी करायला नाशिकला जा, म्हणून सांगते, आणि कुठल्या तपासण्या विचारायच्या ते कागदावर लिहून देते.