चाकाचा परीघ आणि लोहाराची धाव

‘बैलगाडीच्या चाकाचा व्यास १४० सेंमी आहे, तर परीघ किती?’ मुले २२/७ घेतात, ४४० सेंमी उत्तर लिहितात आणि वही मिटतात. हेच उदाहरण आपण थोडे पुढे नेऊ.

या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची आहे. तिचा आतला परीघ नेमका ४४० सेंमी ठेवला, तर ती सैल पडेल. म्हणून लोहार ती मुद्दाम थोडी आखूड करतो, तापवून चाकावर बसवतो आणि लगेच पाणी ओततो. धाव आकसते व लाकूड घट्ट आवळते.

आखूड करायची तरी किती? लोखंड दर १०० अंश सेल्सियसला मीटरमागे सुमारे १.२ मिमी वाढते. ५०० अंशांनी तापवले, तर ४.४ मीटरची धाव २६ मिमी वाढेल. व्यास मात्र २६ भागिले ३.१४, म्हणजे ८ मिमीच वाढेल. एकेका बाजूला अवघे ४ मिमी! सारा खेळ एवढ्या फटीत. यात २२/७ मुळे येणारी जेमतेम २ मिमीची चूक खपून जाते.

पट्टीची जाडी विसरणे मात्र महागात पडते. ती १ सेंमी असेल, तर बाहेरचा परीघ आतल्यापेक्षा ६ सेंमींहून अधिक भरतो. वाकवताना पट्टीची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते; म्हणून कापायची लांबी मधल्या रेषेवरून काढावी.